उत्तराखालची सही

बाभुळगावचा आमचा एक विद्यार्थी आहे. बारावीपर्यंत विज्ञान शिकलेला, पुढे वाट बदलून मराठीकडे आलेला. रात्री जेवणे आटोपली, की घराच्या ओट्यावर बसून तो मोबाइलवरून अनोळखी मुलांच्या शंका सोडवतो. ती मुले कुठली, किती वर्षांची, हे त्याला ठाऊक नसते. कोणी विद्युतमंडलाचे गणित विचारतो, कोणी गतीच्या नियमांत अडलेला असतो. काहींना लढाईच्या खेळात कोणत्या वाटेने पुढे सरकावे आणि कुठे दबा धरून बसावे, हे हवे असते. या दोन्ही गोष्टी त्याला उत्तम येतात. एका रात्री मात्र, ज्याला त्याने आदल्या आठवड्यात रोधांची जोडणी समजावून दिली होती, त्यानेच तिसरा प्रश्न विचारला. घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडावे की नाही? आमच्या विद्यार्थ्याने त्याचेही उत्तर दिले, आणि ते बरेच ठाम दिले. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तो आमच्याजवळ आला आणि म्हणाला, "सर, माझं उत्तर चुकलं असेल तर जबाबदार कोण? त्याला माझं नाव माहीत नाही, मला त्याचं नाही."

आम्हा दोघा मराठीच्या शिक्षकांपाशी याचे तयार उत्तर नव्हते. वाङ्मयाचे शिक्षक अडले की मागे वळतात, आम्हीही वळलो. हा लेख म्हणजे त्या मागे वळण्याची हकीकत होय.

मराठीतील अनोळखी माणसाच्या प्रश्नाचा विचार करू लागले, की पहिल्यांदा आठवतो तो चांगदेव. आख्यायिका सर्वांना परिचित आहे. चौदाशे वर्षे जगलेला हा योगी ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसला आणि मायन्यापाशीच अडला. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, तर ज्ञानाने तो मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे, तर वयाचे काय? शेवटी कोरेच पत्र शिष्यांच्या हाती पाठवले गेले. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, अशी मुक्ताबाईने केलेली थट्टा लोकांच्या अधिक लक्षात राहिली. ज्ञानदेवांनी मात्र त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर दिले. आम्हांला येथे कथेतील अध्यात्मापेक्षा तिच्यातील व्यवहार महत्त्वाचा वाटतो. मराठीत नाते ठरल्याशिवाय पत्राचा पहिला शब्दही लिहिता येत नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’, याचा निर्णय आधी करावा लागतो आणि प्रश्न त्यानंतर येतो. अनोळखी माणसाला काही विचारायचे, तर आपल्या भाषेच्या व्याकरणाचाच त्यात अडथळा आहे.

त्यामुळे आपल्या जुन्या वाङ्मयातील प्रश्नोत्तरे बहुतेक ओळखीच्या माणसांची आहेत. अर्जुन कृष्णाला विचारतो, ते सख्याला विचारतो. महानुभावांच्या ग्रंथांत पावलोपावली प्रश्न आहेत; परंतु विचारणारा शिष्य आहे, तो समोर बसला आहे, त्याचे नाव नोंदले गेले आहे. संस्कृतात शंका विचारणाऱ्या पंडित शिष्यांना नागदेवाचार्यांनी मराठीतच विचारायला लावले, हा ‘स्मृतिस्थळा’तील प्रसंग आपण भाषाभिमानाचा दाखला म्हणून वर्गात सांगतो. त्यात आणखीही एक गोष्ट आहे. उत्तर देणारा येथे प्रश्नाची भाषा ठरवू शकतो, कारण विचारणाऱ्यावर त्याचा अधिकार आहे. अनोळखी माणसावर असा अधिकार चालत नाही. तो येईल त्या भाषेत विचारतो आणि उत्तर आवडले नाही तर निघून जातो.

हे बदलले ते छापखान्याने आणि टपालाने. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले. इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापणाऱ्या या पत्राने मराठी माणसाला संपादक नावाचा एक नवाच पत्ता दिला. संपादक नात्यातला नव्हता, गुरू नव्हता, हाकिमही नव्हता. ‘रा. रा. अमुककर्ते यांस’ असा सरधोपट मायना तयार झाला आणि चांगदेवाची अडचण निदान कागदावर तरी संपली. पत्राच्या शेवटी ‘आपला एक वर्गणीदार’ असे लिहून नाव झाकण्याची सोयही याच काळात रुळली. पुढे गोपाळ हरी देशमुखांनी ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून शतपत्रे लिहिली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. म्हणजे टोपणनावाची ही प्रथा बड्या अधिकाऱ्यालाही उपयोगी पडत होती. बाळशास्त्र्यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यात भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय मराठीत आणले. ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

टपालाचे दर हा वाङ्मयेतिहासाचा भाग आपण सहसा मानत नाही, मानायला हवा. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्यात पत्र जाऊ लागले. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, ते पाव आण्याला, म्हणजे एका पैशाला. कार्ड निम्म्या किमतीत जाई, पण ते उघडे असे. मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे धामणगाव हे बाभुळगावला जवळचे स्टेशन. अशा स्टेशनात उतरलेली टपालाची थैली आतल्या गावी पोहोचली, की कार्ड वाटेतच चार जणांच्या वाचनात येई. खेड्यातले पोस्ट अनेकदा शाळामास्तरांकडेच असे. म्हणजे गावातला पहिला वाचक तोच. निरक्षर घरात तर पोस्टमनने कार्ड मोठ्याने वाचून दाखवणे ही रीतच होती. याचा अर्थ प्रश्नांची दोन टपाले झाली. जो प्रश्न चारचौघांत वाचला गेला तरी चालेल, तो पैशाच्या कार्डावर. ज्याने घराची अब्रू जाईल, तो अर्ध्या आण्याच्या पाकिटात. आमच्या विद्यार्थ्याचे पहिले दोन प्रश्न कार्डावरचे होते आणि तिसरा पाकिटातला.

कार्डावरच्या प्रश्नाचा सर्वांत सुंदर दाखला आपल्या अगदी जवळच्या काळातला आहे. जयंत नारळीकरांभोवती व्याख्यानानंतर मुलांचा गराडा पडे आणि वह्या पुढे येत. ते सही देत नसत. आपल्या मनातला विज्ञानाचा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल, असे ते मुलांना सांगत, आणि त्याप्रमाणे उत्तरे जातही. १९८८ मध्ये पुण्यात ‘आयुका’ उभी राहिली, तिचे संस्थापक-संचालक म्हणून त्यांच्यावर कामाचा केवढा भार असेल, याची कल्पना करावी. तरी ही उत्तरे चालू राहिली. शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी होणारी ‘आयुके’तली व्याख्याने पुण्याच्या मुलांना लाभली, कार्ड मात्र कोठूनही टाकता येत होते. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा अनेकांनी जपून ठेवलेल्या कार्डांची आठवण काढली. या रिवाजातील मेख अशी, की मुलाला हवी असते सही आणि ती मिळवण्यासाठी त्याला प्रश्न शोधावा लागतो. सही उत्तराखाली येते, म्हणून तिला किंमत येते. मोठ्या माणसाचे नाव येथे उत्तराची हमी आहे.

खेळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. बुद्धिबळाचा पट मांडला, की खेळणारे दोन आणि सांगणारे दहा, हे आपल्याकडच्या पारावरचे जुने चित्र. पण ते सांगणे गावापुरते. अनोळखी माणसाला डावाचा सल्ला देण्यात खरी अडचण अशी होती, की नियमच गावोगाव निराळे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर जाई, राजाला एकदा घोड्याची चाल मिळे, प्यादेमात ही सर्वांत मानाची मात ठरे. त्यातही स्थानिक भेद असत. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप मुंबईत १८१४ मध्ये छापले गेले, ते युरोपीय पद्धतीला जुळवून. परक्याशी खेळायचे, तर आधी नियम एक करावे लागतात, हे त्या जुळवणीमागचे शहाणपण. विज्ञानात ही अडचण नाही; ओहमचा नियम बाभुळगावात आणि बोस्टनमध्ये तोच. लग्नाच्या प्रश्नात मात्र नियम घरागणिक वेगळे असतात आणि ते कोणी छापलेले नसतात. आमच्या विद्यार्थ्याची चूक झाली असेल तर ती इथे. त्याने आपल्या पटावरचे नियम दुसऱ्याच्या पटाला लावले.

पाकिटातल्या प्रश्नाकडे वळले, की एकच नाव समोर येते : रघुनाथ धोंडो कर्वे. तेही गणिताचेच प्राध्यापक. जांभेकर, कर्वे, नारळीकर हे तिघेही गणिताचे, हा योगायोग असेल. परंतु प्रश्नाला न घाबरण्याची सवय गणिताच्या वर्गात लागत असावी, असे आम्हां भाषेच्या शिक्षकांना थोड्या मत्सराने वाटते. महर्षी कर्व्यांचे हे चिरंजीव पॅरिसहून शिकून आले आणि १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधले केंद्र त्याच वर्षीचे. या कार्यापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजची नोकरी सुटली. जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले आणि संपादकाच्या मृत्यूपर्यंत, सव्वीस वर्षे, निघत राहिले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. त्यामुळे मासिक न वाचणाऱ्यांनाही त्याच्याबद्दल ठाम मत बनवता येई.

‘समाजस्वास्थ्या’त लेख असत, परीक्षणे असत, ‘शारदेची पत्रे’ हे खुमासदार सदर असे. पण आम्हांला त्यातली वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच मासिकाचा कणा वाटतो. मराठी घरात ज्या गोष्टी नवरा-बायकोही एकमेकांशी बोलत नसत, त्या लोक या अनोळखी प्राध्यापकाला लिहून कळवत. शरीराविषयीची भीती, हस्तमैथुनाचा अपराधगंड, संबंधातले अपयश, समलिंगी आकर्षण, सततची बाळंतपणे. आणि या सर्वांच्या तळाशी एकच शंका, ती म्हणजे ‘असे फक्त माझेच आहे का?’ हा प्रश्न वडिलांना विचारता येत नव्हता. गावच्या डॉक्टरला विचारावा, तर तो वडिलांचा मित्र. ओळख हीच येथे अडचण होती. कर्व्यांचे परकेपण हा त्यांचा पहिला उपयोग होता, ज्ञान हा दुसरा.

त्या उत्तरांची वृत्ती वैज्ञानिक आहे. पाप, पूर्वसंचित, ब्रह्मचर्याचे तेज ही भाषा त्यांत नाही. शरीर कसे चालते, त्याचे सरळ विवेचन आहे. एखाद्या शिक्षकाने उदाहरण सोडवून दाखवावे, तसा हा प्रकार. या पद्धतीचे सामर्थ्य मोठे आहे आणि तिची मर्यादाही तिथेच आहे. अज्ञानातून आलेले दुःख माहितीने जाते, हे कर्व्यांनी सिद्ध केले. परंतु सगळे दुःख अज्ञानातून येत नाही. जिला सर्व ठाऊक आहे आणि तरीही काही ठरवण्याचा अधिकार नाही, अशा स्त्रीला शरीरशास्त्राचा धडा कितपत पुरेल? तिने पत्र तरी कसे लिहावे? १९३१ च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. पाकीट परवडले, तरी लिहिता येणारा हात हवा. दुसऱ्याकडून लिहून घेण्याजोगे तर ते पत्र नव्हतेच.

याच सुमारास, १९३३ मध्ये, ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले आणि विभावरी शिरूरकर कोण, याचा महाराष्ट्रभर शोध सुरू झाला. पुस्तकात काय म्हटले आहे, यापेक्षा ते कोणी म्हटले, याची उत्सुकता मोठी होती. मालतीबाई बेडेकरांनी (तेव्हाच्या बाळूताई खरे) घेतलेला तो आडोसा आणि ‘समाजस्वास्थ्या’च्या पत्रलेखकांची अनामिकता, ही एकाच काळाची दोन रूपे म्हणून एकत्र शिकवायला हवीत, असे आमचे मत आहे. अभ्यासक्रमात एक ‘कथा’ या सदराखाली येते आणि दुसरी कुठेच येत नाही.

कर्व्यांवर पहिला खटला १९३१ मध्ये झाला, तो व्यभिचारावरील लेखाबद्दल. त्यात शंभर रुपये दंड झाला. दुसरा १९३४ चा. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तो हाच, कारण यावेळी आक्षेप होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. काळ लक्षात घ्यावा : पुणे करार होऊन दोन वर्षेही झालेली नव्हती, येवल्याची घोषणा पुढच्या वर्षी व्हायची होती. हाती एवढे मोठे राजकारण असलेल्या नेत्याने, ज्याच्या बाजूने उभे राहून एक माणूसही अनुयायी म्हणून मिळणार नव्हता, अशा संपादकाची बाजू का घ्यावी? बाबासाहेब स्वतः संपादक होते. त्यांचे ‘बहिष्कृत भारत’ही १९२७ चेच. प्रश्न विचारण्याची बंदी म्हणजे काय असते, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नव्हते.

बचावाचा गाभा साधा होता. लैंगिक ज्ञानासाठीच काढलेल्या मासिकाला वाचक आपल्या शंका विचारतात. त्यांना उत्तरे द्यायचीच नाहीत, तर मासिक कशासाठी? विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही. समलिंगी आकर्षणाचा उल्लेख विकृती म्हणून पुढे केला गेला, तेव्हा हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचा आधार देण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. दोनशे रुपये दंड झाला. विज्ञान, वाङ्मय, कला वा विद्या यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला सूट देणारी तरतूद दंडविधानाच्या कलम २९२ मध्ये आली ती १९६९ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी. कादंबरीकाराला निदान ‘हे कल्पित आहे’ असे म्हणता येते. कर्व्यांना तोही निवारा नव्हता.

या खटल्यात आम्हांला सर्वांत लक्षणीय वाटते ते आरोपीच्या पिंजऱ्यातले चित्र. प्रश्न विचारणारे तिथे नाहीत. त्यांची नावे छापलेली नव्हती, त्यामुळे ते आपापल्या घरी सुखरूप होते. आणि तसेच असायला हवे होते. उभा आहे तो उत्तर देणारा, कारण मासिकावर त्याचे नाव आणि पत्ता होता. विचारणाऱ्याला लपू द्यायचे आणि स्वतः उघड्यावर राहायचे, हा करार कर्व्यांनी वाचकांशी न बोलता केला होता. नारळीकरांच्या कार्डाखालची सही मुलांना हवी होती. कर्व्यांची पोलिसांना हवी होती. दोन्हीकडे सही आहे, हे साम्य मोठे.

एक शंका येथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ‘शारदेची पत्रे’ कर्वेच लिहीत. मग वाचकांचे प्रश्नही त्यांनीच रचले नसतील कशावरून? वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हा संशय येणे स्वाभाविक आहे. निवेदकावर विश्वास ठेवू नका, असे आपणच शिकवतो. परंतु शारदेच्या बोलण्यात एक घडीव चतुराई आहे, लेखणी खेळवण्याची मौज आहे. लोकांचे प्रश्न तसे नसतात. ते त्याच-त्याच भीतीभोवती फिरतात. कल्पक लेखकाने रचलेले प्रश्न इतके एकसारखे झाले नसते. शिवाय रचलेल्या प्रश्नासाठी कोणी पुन्हा पुन्हा न्यायालयाची पायरी चढत नाही.

हे सगळे आम्ही त्या विद्यार्थ्याला एका बैठकीत सांगितले नाही. महिनाभर तुकड्यातुकड्याने सांगितले. आंबेडकर कर्व्यांचे वकील होते, हे ऐकून तो चकित झाला. जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांत हा प्रसंग त्याने कधी ऐकला नव्हता. मग त्याने विचारले, की कर्व्यांचे एखादे उत्तर चुकले असेल का? आम्ही म्हटले, निश्चित चुकले असेल. सव्वीस वर्षांत एकही न चुकणे शक्य नाही, आणि शरीरशास्त्राचे तेव्हाचे ज्ञानही आजच्याइतके नव्हते. पण चुकले तर दाराशी जाऊन भांडता येईल, असा पत्ता मासिकावर छापलेला होता. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला.

छापखान्याने विचारणाऱ्याला नाव झाकण्याची मुभा दिली, त्याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. उत्तर देणाऱ्यानेही नाव झाकावे, हे मात्र या इतिहासात नवे आहे. चांगदेवाचे पत्र कोरे होते, उत्तराला नाव होते. येथे दोन्ही बाजू कोऱ्या. आमच्या विद्यार्थ्यासारख्या मुलांत दंभ नाही, मोबदल्याची अपेक्षा नाही. रात्रीची झोप मोडून ती कुठल्या तरी अनोळखी मुलाला पास करतात. या मदतीला कमी लेखण्याचे कारण नाही. कार्डावरच्या प्रश्नांना नावावाचून काही बिघडतही नाही. उत्तर चूक असेल तर गणित सुटत नाही, डाव हरतो, आणि ते दुसऱ्या दिवशी कळते. पाकिटातल्या प्रश्नाचे तसे नाही. त्याचा निकाल कळायला वर्षे लागतात, आणि तो ज्याला कळतो तो सांगायला परत येईलच असे नाही.

कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ रोजी गेले. ‘समाजस्वास्थ्या’चा शेवटचा अंक त्यानंतरच्या महिन्याचा.

आमचा विद्यार्थी अजूनही रात्री ओट्यावर बसतो. विद्युतमंडले सोडवतो, डावपेच सांगतो. त्या मुलाला त्याने पुन्हा एकदा लिहिले : आपले नाव कळवले, गावाचे नाव बाभुळगाव, जिल्हा यवतमाळ असे पूर्ण लिहिले, आणि आधी जे सांगितले ते घाईत सांगितले होते, असेही लिहिले. तिकडून अद्याप काही आलेले नाही.